विज्ञानपेटीची किल्ली

आपल्या १९८० च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा ज्या बैठकीत ठरला, त्याच बैठकीत शाळेला निधी द्यायचेही ठरले. तो गणित आणि विज्ञान या दोन विषयांसाठीच असावा, यावर कोणाचे दुमत नव्हते. वाद झाला तो खर्च कशावर करायचा यावर. कोणी डिजिटल फळा सुचवला, कोणी दुर्बीण, तर कोणी प्रयोगशाळेची नवी फरशी आणि भिंतीवर आपल्या तुकडीच्या नावाची पाटी. मी जिल्ह्यातल्या शाळांमधून नोकरीभर हेच दोन विषय शिकवले, म्हणून संपादक मंडळाने हा लेख माझ्याकडे सोपवला. गणित-विज्ञान सुधारावे म्हणून पैसे देणारे आपण पहिले नव्हे. कंपनी सरकार, ब्रिटिश सरकार, आपले सरकार, परदेश, विश्वस्त निधी आणि कारखाने यांनी ते आपल्या आधी दिले आहेत. त्या पैशाचे काय झाले हे एकदा नीट पाहावे, मग निर्णय घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात आपल्या अंगणातून करू. केरो लक्ष्मण छत्रे हे अलिबागजवळच्या नागावचे. मुंबईत शिकून तरुणपणीच ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. हे कुलाबा मुंबईतले. आपल्या जिल्ह्याला ज्याचे नाव होते तो कुलाबा अलिबागच्या समुद्रातला. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर ‘जिल्हा कुलाबा’ असे आहे, कारण ‘रायगड’ हे नाव १९८१ मध्ये आले. मुंबईची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली. जहाजांना अचूक वेळ आणि हवामान कळावे, ही त्यामागची गरज. १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. केरूनाना पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली, आणि शाळांसाठी गणित व पदार्थविज्ञानाची मराठी पुस्तकेही त्यांनी लिहिली.

ज्या वेधशाळेत नागावचा हा मुलगा काम शिकला, तिचे चुंबकीय काम पुढे त्याच्याच तालुक्यात आले. मुंबईतल्या ट्रामगाड्या विजेवर चालणार हे दिसू लागले, तेव्हा विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडतील अशी भीती निर्माण झाली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागची जागा निवडली गेली. लोखंड टाळून इमारती बांधल्या आणि १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. मधल्या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. कुलाबा आणि अलिबाग मिळून ही मालिका जगातल्या सर्वांत लांब मालिकांपैकी एक आहे. १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिच्यात आहे, म्हणून आजही जगभरचे अभ्यासक तिच्याकडे वळतात.

हा इतिहास मी इथे मुद्दाम सांगितला. वेधशाळेचे मोल तिच्या यंत्रांत आहेच, पण यंत्रे बदलत गेली. बदलली नाही ती रोजची नोंद. सणवार, पाऊसवादळ काहीही असो, शंभराहून अधिक वर्षे कोणीतरी यंत्र तपासले, आकडा लिहिला, आणि त्या माणसाचा पगार वर्षानुवर्षे कोणीतरी दिला. विज्ञानाला एकरकमी पैशापेक्षा सतत चालणारा पैसा अधिक लागतो. शाळांच्या बाबतीत नेमके हेच वारंवार विसरले गेले.

शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत हिंदुस्थानात १८५४ च्या वूडच्या खलित्याने आणली. मुंबई इलाख्यात तिला ‘निकालाप्रमाणे पैसे’ असे रूप आले. तपासनीस शाळेत येई, विषयवार परीक्षा घेई, आणि जितकी मुले पास होतील त्या मानाने अनुदान मिळे. हिशेब सोपा होता, पण त्यामुळे तपासनिसाला एका दिवसात जे विचारता येई, तेवढ्यालाच शाळेत किंमत आली. पाढे, पावकी, निमकी घोकून पक्की झाली. एखादी गोष्ट पाहावी, मोजावी आणि वहीत टिपून ठेवावी, याला त्या हिशेबात रकानाच नव्हता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या. रयतेकडून येणारा पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा. आणि शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा. पैसा कोणासाठी आणि कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

आता एक मोठी उडी स्वातंत्र्यानंतरच्या काळात. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. आपली मुले विज्ञानात मागे पडली, असे तिथे सगळे म्हणू लागले. १९५८ मध्ये तिथल्या संसदेने शिक्षणाचा नवा कायदा केला आणि गणित-विज्ञानाची साधने घेण्यासाठी राज्यांना पैसे दिले. त्याच सुमारास शाळाशिक्षकांसाठी सुट्टीतल्या प्रशिक्षण वर्गांचे तिथे मोठे जाळे उभे राहिले. हीच कल्पना १९६३ मध्ये अमेरिकी मदतीने भारतात आली. विद्यापीठांतून भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि गणिताच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले. दुसरीकडे युनेस्कोमार्फत रशियन तज्ज्ञ दिल्लीला आले आणि युनिसेफने शाळांसाठी विज्ञानाच्या साहित्याला मदत केली. शीतयुद्धाचा आपल्या शाळांना असा दुहेरी फायदा झाला : अमेरिकेने मास्तरांना वर्ग दिले, रशियाने मुलांना स्वस्त पुस्तके दिली. दोन-तीन रुपयांत मिळणारी ती जाड कागदाची रशियन पुस्तके आपल्यापैकी अनेकांनी हाताळली असतील.

१९६४ ते ६६ या काळात डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोगाचे काम चालले. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सर्वांनाच शिकवावे, अशी या आयोगाची शिफारस होती. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला या विषयांना बगल देऊन पुढे जाण्याची वाट होती. नव्या दहावीने ती बंद केली. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. आपण तेव्हा पाचवीत होतो. म्हणजे नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या काही तुकड्यांतली आपली एक. ‘संच’ हा शब्द घरी कोणालाच कळत नसे, आणि शिकवणाऱ्यांपैकीही अनेकांना तो स्वतः नव्याने शिकावा लागला. आपल्या गुरुजनांनी तेव्हा किती कष्ट घेतले, हे मला स्वतः खडू हातात घेतल्यावर कळले. विषय सक्तीचा करायला एक आदेश पुरतो. तो शिकवणारी माणसे तयार करायला वर्षे लागतात, आणि पैसाही वर्षानुवर्षे लागतो.

आपण पाचवीत गेलो त्याच वर्षी, १९७४ मध्ये, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. सुरुवातीचा पैसा सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अनुदानाचा होता. प्रा. भा. मा. उदगावकर यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाने शाळेच्या विज्ञानासाठी धडपड केली, आणि डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी केंद्राचे काम उभे केले. केंद्राचा पहिला मोठा प्रकल्प जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला झाला. १९७५ ते ७८ या काळात तिथल्या जनता शिक्षण मंडळाच्या सोबतीने परिसरातल्या सुमारे ३० ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर काम झाले. मुंबईचे शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा तिथे जात, शिक्षकांबरोबर बसत, धड्यातली अडचण कुठे आहे ते शोधत आणि हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून प्रयोग बसवत. अनुदानातून इथे मुख्यतः माणसांचा वेळ विकत घेतला गेला.

या केंद्राच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट आपल्या किनाऱ्याला फार लागू पडते. मुलांना विज्ञान कळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्यांना पुस्तकाची भाषा कळत नसते. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठांची भाषा सोपी करून पाहिली आणि मुलांची समज वाढलेली त्यांना दिसली. आपल्या वर्गातली कोळीवाड्यातली आणि आगरी पाड्यांतली मुले आठवा. ‘उत्प्लावक बल’ या शब्दाला ती दचकत. पण भरलेली होडी किती बुडेल आणि खाडीतून समुद्रात गेल्यावर किती वर येईल, हे तीच आपल्याला सांगत. भरतीचा हिशेबही तसाच. तिथीची पाऊणपट करायची की झाली भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. म्हणजे भरती रोज पाऊण तासाच्या वर थोडी पुढे सरकते, आणि त्यामागे चंद्राचे पृथ्वीभोवती फिरणे आहे. अपूर्णांक, गुणाकार आणि खगोलशास्त्र या एका ओळीत आले. नोकरीच्या काळात मी सातवीला गुणोत्तर शिकवायचो ते इथूनच सुरू करून. त्याला साहित्य लागत नाही. लागतो तो मुलांकडे काय आहे हे ओळखणारा शिक्षक, आणि त्याच्या जवळ थोडी सवड.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मोठा पैसा आला. १९८७-८८ मध्ये प्राथमिक शाळांसाठी ऑपरेशन ब्लॅकबोर्ड, म्हणजे आपली खडू-फळा मोहीम, सुरू झाली. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य मिळावे, हा तिचा उद्देश. त्या साहित्यात विज्ञानपेटी आणि गणितपेटीही होती. त्याच वर्षी केंद्राने शालेय विज्ञान शिक्षण सुधारण्याची स्वतंत्र योजना आणली. तिचा सगळा खर्च केंद्राचा होता. उच्च प्राथमिक शाळांना विज्ञानपेट्या, माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळांची सुधारणा, ग्रंथालयांना विज्ञान-गणिताची पुस्तके आणि शिक्षकांचे प्रशिक्षण असे तिचे भाग होते. कागदावर योजनेत उणीव काढायला जागा नाही.

मी त्या सुमारास नुकताच नोकरीला लागलो होतो. पेट्या आल्या तेव्हाचा आनंद खोटा नव्हता. ज्या शाळेत एक प्रिझम नव्हता तिथे नादकाटे, भिंगे, चुंबकपट्ट्या, स्प्रिंगचा काटा असे सगळे एका पेटीत आले. पण पेटी लगेच डेडस्टॉक रजिस्टरला चढली, आणि रजिस्टरला चढलेली वस्तू मोडली तर तिचे उत्तर द्यावे लागते. तपासणीत पेटी पूर्ण आहे का हे पाहिले जाई. ती किती वेळा उघडली हे कोणी विचारत नसे. त्यामुळे कपाटाला कुलूप, आणि किल्ली कार्यालयात. यात कोणा एका मुख्याध्यापकाचा दोष नाही. फुटलेल्या बीकरचे दहा-वीस रुपये कुठून भरायचे याची तरतूदच नसली, तर शहाणा माणूस बीकर जपूनच ठेवणार.

त्यात आपली खारी हवा. दूर कुठेतरी ठरवलेल्या पेटीला किनाऱ्यावरच्या पावसाळ्याची काय कल्पना असणार! पहिल्या दोन पावसाळ्यांत लोखंडी स्टँड गंजले, भिंगांवर बुरशी धरली, लाकडी पेटी फुगून झाकण निघेना. आमच्या शाळेत आम्ही एक साधी गोष्ट केली. एक ‘फुटीची वही’ ठेवली. काय फुटले, कोणत्या प्रयोगात, कशामुळे, हे मुलांनीच तारखेसह लिहायचे. वर्षाच्या शेवटी ती वही दाखवून शिक्षक-पालक मंडळींकडून थोडी वर्गणी जमवायची आणि भरपाई करायची. वही जितकी भरलेली तितके त्या वर्षी प्रयोग जास्त झाले, हे पालकांच्याही लक्षात आले. वर्षाची ती वर्गणी एका चांगल्या शालेय सहलीच्या खर्चाहून कमी असे.

पुढच्या योजना तुम्हाला बातम्यांतून ठाऊक असतील. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम हास्यास्पद वाटते, पण मी पाहिलेल्या सगळ्या अनुदानांत सर्वांत जास्त वापरले गेलेले पैसे हेच, कारण ते शिक्षकाच्या हातात होते आणि दरवर्षी येत. पुठ्ठा, दोरा, बॅटरीचे सेल, बल्ब, लिटमस कागद त्यातून येत. जुलै २०१५ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय आविष्कार अभियान सुरू झाले. २०१६ पासून निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान : १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालू खर्चाला. चालू खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवली, ही या योजनेतली शहाणपणाची गोष्ट. प्रश्न उरतो सहाव्या वर्षाचा.

आणि आता कारखाने. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यात शिक्षणही येते. आपल्या पट्ट्यात थळ, उसर, डोलवी, उरण इथे मोठे उद्योग आहेत. त्यांच्या पैशातून शाळांना इमारती, संगणक, फळे मिळू शकतात, आणि ते मिळाले तर घ्यावेत. एकरकमी मोठी वस्तू देणे त्यांना सोयीचे असते. वर्ष संपण्याआधी खर्च दाखवायचा असतो आणि उद्घाटनाचा फोटोही निघतो. मात्र दरवर्षी सल्फ्युरिक आम्लाची बाटली आणायला, बाहेरगावच्या कार्यशाळेला जाणाऱ्या बाईंचे बसभाडे द्यायला किंवा शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडून बसणाऱ्याला मानधन द्यायला त्यांच्याकडून पैसे मिळणे कठीण. त्याचा फोटो निघत नाही.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या हिशेबातून मला एकच गोष्ट दिसते. वस्तूंसाठी पैसा देणारे आपल्याआधीही होते आणि पुढेही मिळतील. चालू खर्चासाठी आणि शिक्षकाच्या शिकण्यासाठी देणारे फार कमी. अलिबागच्या वेधशाळेला मिळाले आणि शाळांना मिळाले नाही, ते नेमके हे. साहित्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. जिथे काहीच नाही तिथे पहिली पेटी हवीच. आपल्या शाळेत ती आहे. उणीव आहे ती पुढची.

म्हणून समितीपुढे माझा प्रस्ताव असा. जमलेला निधी खर्च करू नये. शाळेच्या नावाने ठेव म्हणून ठेवावा आणि व्याज वापरावे. समजा १० लाख जमले आणि व्याज ६ टक्के धरले, तर वर्षाला ६०,००० रुपये होतात. त्यातले २०,००० रुपये रसायने, सेल, बल्ब आणि फुटतुटीला. फुटीची वही ठेवण्याच्या अटीवर. २०,००० गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांच्या पुस्तकांसाठी आणि प्रशिक्षणाच्या प्रवासासाठी. उरलेले २०,००० शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवणाऱ्याच्या मानधनाला. तो आपल्याच शाळेचा, सध्या कॉलेजात विज्ञान शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असावी. व्याजदर खाली येतील, भाव वर जातील, हे मला मान्य आहे. म्हणून दरवर्षी मेळाव्याच्या निमित्ताने प्रत्येकाने मुद्दलात थोडी भर घालावी.

याशिवाय एक अगदी कमी खर्चाची गोष्ट. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक आणि एक तापमापी बसवावी, आणि नववीच्या मुलांनी रोज एक नोंद घ्यावी : पाऊस, तापमान, आणि बंदरावरची भरतीची वेळ. सुट्टीत जवळ राहणाऱ्या मुलांनी ते काम वाटून घ्यावे. दहा वर्षांनी त्या वह्यांतून आपल्या गावाचा पाऊस आणि समुद्र यांचा आलेख काढता येईल, आणि पाऊणपटीचा कोळ्यांचा नियम कुठे बरोबर येतो, कुठे चुकतो हेही मुलांना आकड्यांनी दाखवता येईल. नागावच्या केरूनानांना हे काम नक्की ओळखीचे वाटले असते.

नावाची पाटी लावावी की नाही हे समितीने ठरवावे. माझे मत विचाराल तर पाटीऐवजी दरवर्षीचा जमाखर्च शाळेच्या फलकावर लावावा. आणि कपाटाची एक किल्ली नववीच्या वर्गाकडे द्यावी. मेळाव्यात या प्रस्तावावर हरकती मांडल्या जाव्यात अशी माझी विनंती आहे. आपल्या गुरुजनांपैकी जे येतील त्यांचे मत मला सर्वांत आधी ऐकायचे आहे.